भिंगरीचा उन्हाळी वर्ग

आमच्या शाळेत बाई पुष्कळ, पण नुसतं ‘बाई’ म्हटलं की विशेष वर्गाच्या बाईच समजायच्या. सव्वीस वर्षं त्या एकाच खोलीत शिकवतायत. राग नाकावर आणि दुखऱ्या कमरेला कायमचा आधाराचा पट्टा, कारण आमची मुलं अंगावर झेपावतात. चार वर्षं मी त्यांच्या हाताखाली आहे आणि अजून रोज बोलणी खाते.

भिंगरी म्हणजे बाईंच्या गळ्यातला ताईत. नऊ वर्षांची ही पोर उभ्या जागी गोल फिरते, म्हणून भिंगरी. तिला बोलता येत नाही. पूर्वी काही दुखलं की ती भिंतीवर कपाळ आपटायची. कान दुखतोय की पोट, कुणाला कळायचं नाही. दीड वर्ष खपून बाईंनी तिला चित्रांची कार्डं द्यायला शिकवलं. आता दुखलं की ती त्या दुखऱ्या जागेचं कार्ड आणून हातात ठेवते. पहिल्यांदा ठेवलं त्या दिवशी बाई सामानाच्या खोलीत जाऊन रडल्या आणि बाहेर येऊन, फळा का पुसला नाहीस म्हणून माझ्यावरच ओरडल्या.

उन्हाळ्यात शाळा दोन महिने बंद. भिंगरीची आई लॉन्ड्रीत इस्त्री करते. मुलगी दिवसभर शेजारणीकडे टीव्हीपुढे बसणार. म्हणून उन्हाळी वर्ग हवा होता. पण आधीच्या मोठ्या सुट्टीत मूल शिकलेलं विसरलं आणि ते परत यायला फार दिवस लागले, तरच हा वर्ग मिळतो. त्यासाठी त्या सुट्टीआधी एक चाचणी आणि शाळा उघडल्यावर महिन्याभरात दुसरी.

भिंगरीला तो वर्ग द्यायचा की नाही, याची मीटिंग आमच्याच वर्गात झाली. मुलांच्या खुर्च्या एवढ्याशा, त्यामुळे मुख्याध्यापकांचे गुडघे हनुवटीला टेकले होते. वरच्या ऑफिसातल्या मॅडमनी तक्ता पाहिला.

“सुट्टीआधी दहापैकी आठ, नंतरही आठ. म्हणजे ही काहीच विसरली नाही. छान काम केलंत हो बाई!”

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. कारण मला ठाऊक होतं. शाळा उघडली तेव्हा भिंगरीनं कार्डांकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. कपाळावर टेंगूळ घेऊनच आली होती. पण सुट्टीवरून आलेल्या मुलाची लगेच चाचणी घ्यायची नाही, ही बाईंची जुनी रीत. “आधी मूल रुळू दे, मग तपासू,” म्हणायच्या. रुळू दे म्हणजे काय, तर स्वतःचा डबा बाजूला ठेवून त्या जवळजवळ महिनाभर रोज कार्डं घेऊन तिच्यासमोर बसल्या. मग चाचणी. आठ आले तेव्हा मला म्हणाल्या, “लिही, ठळक लिही.” मी मठ्ठासारखं ठळक लिहिलं.

“ती विसरली होती, मॅडम. मी परत शिकवलं,” बाई म्हणाल्या.

“त्याची नोंद?”

“टेंगूळ होतं. आईला विचारा, इथंच बसलीय.”

“टेंगळाची तरी नोंद आहे का?”

नव्हती. मला त्या मॅडमशी कडाकडा भांडावंसं वाटलं, पण भांडणार कोणत्या तोंडानं? आकडे आमचे, अक्षर माझं. मॅडमनी चष्मा काढला. “मला कळतंय हो. पण जागा सहा आणि अर्ज एकतीस. बाकीच्यांची घसरण कागदावर दिसतेय. त्यातल्या कुणाचं नाव काढू, सांगा.”

भल्याभल्यांची बोलती बंद करणाऱ्या बाईंनी खाली मान घालून नकाराच्या कागदावर सही केली. आपल्याच हातांनी आपण या पोरीचं नुकसान केलं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं आणि मला ते बघवत नव्हतं.

मीटिंग संपली तशी भिंगरीची आई आमच्यामागून बाहेर आली. व्हरांड्यात तिनं बाईंना गाठलं.

“बाई, एक विचारू? रागावू नका.”

“विचार ना.”

“मग या सुट्टीत मी कार्डं लपवून ठेवू का? पार विसरली तर पुढच्या वर्षी मिळेल ना वर्ग?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. चार वर्षांत त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं, आणि आता विचारत होत्या. आईला कामावर परत जायचं होतं, तरी ती उत्तराची वाट बघत तिथंच उभी राहिली.