बत्तीस दात

संगप्पा मूळचा कंधारचा. दहावीला दोनदा आपटल्यावर नांदेडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई म्हणून चिकटला आणि सव्वीस वर्षं तिथंच राहिला. बेडूक आणायचे, बरण्यांमधलं औषध बदलायचं, कवट्या पुसायच्या. प्राध्यापक पिवळ्या पडलेल्या वह्यांमधून शिकवत, हा कोपऱ्यात उभा राहून ऐके. निम्म्या प्राध्यापकांपेक्षा आपल्याला जास्त कळतं, हे त्याच्या लवकरच ध्यानात आलं. ते खरंही होतं.

त्र्याण्णवच्या भूकंपात कॉलेजची मुलं लातूरकडच्या एका गावी मदतीला गेली, त्यांच्यासोबत संगप्पा गेला. दोन दिवस तो ढिगाऱ्यातून प्रेतं काढत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी सरण रचलं जात असताना एक धडधाकट गृहस्थ पुढं आला.

"आमच्या भावकीतली माणसं त्या वस्तीतल्यांसोबत नका ठेवू. वेगळी ठेवा."

"तोंडं ओळखू येईनात, मालक," संगप्पा म्हणाला. "या, तुमची तुम्हीच निवडून घ्या."

गृहस्थ जागचा हलला नाही. नाकाला उपरणं लावून पुटपुटत राहिला. घरी आल्यावर संगप्पा बायकोला, मल्लम्माला, एवढंच बोलला, "असल्याला माणूस म्हणायची लाज वाटायलीय मला."

निवृत्त झाल्यावर तो लातूरला बापूसाहेबांच्या क्लासमध्ये लागला. तोवर तिथं गल्लोगल्ली डॉक्टर घडवायचे क्लास निघाले होते. बापूसाहेबांची आधी सिमेंटची एजन्सी होती. जीवशास्त्राशी त्यांचा संबंध तेवढाच. पालकांवर छाप पडावी म्हणून त्यांनी दारातच संग्रहालय मांडलं होतं. काचेच्या कपाटात वरच्या फळीवर मखमलीवर माणसाच्या कवटीची प्रतिकृती, तळाच्या फळीवर चिंपांझीच्या. वर पाटी: 'मानव, सृष्टीचा मुकुटमणी'.

संगप्पानं पहिल्याच आठवड्यात दोन्ही कवट्या एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

एके दिवशी श्रीनाथराव नावाचे बँकेतले साहेब मुलीला, मनस्विनीला, घेऊन प्रवेशासाठी आले. मुलगी कवट्यांपाशी रेंगाळली.

"दात मोज, बाई," संगप्पा म्हणाला.

तिनं बोट लावून मोजले. "बत्तीस. आणि ह्याचेपण बत्तीस!"

"खानदान एकच हाय ना. शेपूट नसलेली ही जात, तिला एप म्हणतात. चिंपांझी त्यातलाच, आपणबी त्यातलेच."

श्रीनाथराव तडकले. "म्हणजे आम्ही माकडं?"

"माकड न्हाई, साहेब. माकडाला शेपूट असतंय."

साहेबांना हा खुलासा वाटला नाही, अपमान वाटला. आरडाओरडा ऐकून बापूसाहेब आले. जीवशास्त्राच्या आलोक सरांना बोलावणं गेलं. लातूरभर फलकांवर ह्यांचे फोटो. सरांनी आधी साहेबांकडं बघितलं, मग बापूसाहेबांकडं.

"शास्त्रात तसं म्हणतात," ते गुळमुळीत हसले. "पण ते परीक्षेपुरतं. माणूस शेवटी वेगळाच ना!"

"काल वर्गात तर तुम्ही हेच सांगितलंत," संगप्पा म्हणाला. "मी दाराशी होतो. पोरांनी लिहून घेतलंय."

सर घड्याळ बघू लागले.

"संगप्पा, साहेबांची माफी मागा," बापूसाहेब म्हणाले. "आणि माणसाची कवटी होती तिथं वर ठेवा."

"उचलून ठेवल्यानं तिचे दात वाढणार हायत का?"

कपाटाच्या किल्ल्या टेबलावर टाकून तो बाहेर पडला. दुपारच्या गाडीनं कंधार गाठलं. साहेबांचा मानभंग मात्र तासभरच टिकला. संध्याकाळी ते मुलीचा प्रवेश पक्का करून गेले. निकाल चांगला लागत होता ना क्लासचा.

वर्षभरानं बापूसाहेबांचा निरोप आला. समोरच्या क्लासनं याहून मोठं संग्रहालय काढलं होतं. "मुकुटमणीची पाटी काढून टाकतो, या," असं कळवलं होतं. संगप्पानं उलट निरोपसुद्धा धाडला नाही.

आता तो कंधारला घरातच असतो. सगळ्यांचं खानदान एक, असं सांगणारा हा माणूस शेजाऱ्याच्या ओट्यावर टेकत नाही. लोक अडाणी वाटतात त्याला, शिकलेले लबाड वाटतात. परवा उमरीला मल्लम्माच्या भाचीचं लग्न होतं. तिनं त्याचं धोतर काढून ठेवलं, दोनदा विनवलं.

"कुणासोबत बसू तिथं?" तो म्हणाला.

"माझ्यासोबत बसा की."

त्यानं पेपर उघडला. मल्लम्मा एकटीच बसस्टँडवर गेली. लग्नात ज्यानं त्यानं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "त्यांना बरं न्हाई."