हरलेल्याचा कुर्ता

सरोजिनी नगरला आमच्या सरकारी क्वार्टरमागे, कडुनिंबाखाली एक इस्त्रीवाला उभा असतो. बारा वर्षं त्याला कपडे देतोय, पण नाव कधी विचारलं नाही. कोळशाची जड इस्त्री तो आधी गालाजवळ नेऊन धग बघतो आणि मगच कापडाला लावतो.

नवी दिल्ली मतदारसंघाचा इतिहास मी त्याच्याकडूनच शिकलो. कुठल्या बड्या नेत्याला इथल्या बाबू लोकांनी कधी घरी बसवलं, सगळं त्याला तोंडपाठ. स्वतः कुणाला मत देतो, ते मात्र बायकोलाही सांगत नाही.

गेल्या मतमोजणीच्या दिवशी दुपारीच निकाल कळला. ढोल वाजू लागले. जिंकलेल्या पक्षाची मंडळी मिरवणुकीसाठी कुर्ते घेऊन आली, तर हा पठ्ठ्या हरलेल्या पक्षाच्या एका कार्यकर्त्याचा कुर्ता निवांत इस्त्री करत होता. कॉलरवरून तर दोनदा हात फिरवला.

एकजण भडकलाच. "अरे भैया, ये तो हार गए! पहले हमारा करो."

त्याने मानही वर केली नाही. "आपका तो मुड़ा-तुड़ा भी चल जाएगा, साहब. इन्हें कल यही पहनके गली में निकलना है."

दुसऱ्या दिवशी तो कार्यकर्ता दुधाच्या रांगेत भेटला. अंगात तोच पांढराशुभ्र कुर्ता, एक सुरकुती नाही, मान ताठ. माझं मत त्याच्या पक्षाच्या विरोधात गेलं होतं. तरी नमस्कार आधी मीच केला.