उरलेल्या एकशे अठरा डिस्क

दिवाळीच्या फराळाबरोबर मी तुम्हा दोघांना एकेक डिस्क पाठवली होती. ती लावायला घरात यंत्रच नाही, असं थोरल्याने कळवलं. धाकटीने विद्यापीठाच्या ग्रंथालयात लावून पाहिली आणि फोनवर विचारलं, "आजी, शेवटी तुझं नाव कसं काय येतं?" मी म्हटलं, लिहून कळवते. फोनवर अर्धं राहून जातं.

जालन्यात बसस्टँडजवळ माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं दुकान आहे. आठवी-नववीत मी त्याला इंग्रजी शिकवलं; आता तो पन्नाशी ओलांडलेला आहे. आधी तो कॅसेट भाड्याने द्यायचा, नंतर सीडी आणि डीव्हीडी. आता चार्जर आणि मोबाइलची कव्हरं विकतो. मात्र एक कपाट त्याने तसंच ठेवलं आहे. त्यात परदेशी चित्रपटांच्या डिस्क आहेत, विकायला नाहीत. चार वर्षांपूर्वी तो एक इंग्रजी पत्र घेऊन घरी आला आणि म्हणाला, "बाई, एवढं वाचून सांगा. मला अर्थ लागला, पण बराबर लागला का, ते पाहा."

काळ्या समुद्राजवळच्या एका लहान डोंगराळ देशातल्या बाईंचं ते पत्र होतं. त्यांचे वडील चित्रपट काढायचे आणि ते गेल्यावर हक्क या बाईंकडे आले. वडिलांचा एक चित्रपट मराठी सबटायटलसह डिस्कवर काढू द्याल का, असं माझ्या विद्यार्थ्याने विचारलं होतं. त्याला हवा होता तो डोंगरात प्रवासी बस चालवणाऱ्या माणसाचा. त्याचे वडील जालना-भोकरदन रस्त्यावर एसटी चालवायचे. बाईंनी तो दिला नव्हता. त्याऐवजी दुसरा देऊ केला होता, गावोगाव फिरून दुकानदारांचे तराजू आणि वजनं तपासणाऱ्या सरकारी बाईचा. तो तीन वर्षं सांभाळून दाखवा, मग बसचा देऊ, असं त्यांनी लिहिलं होतं. मराठीचे हक्क त्यांच्याकडे आजवर कोणी मागितले नव्हते, त्यामुळे त्याची किंमतही त्यांना ठाऊक नव्हती. त्यांनी सांगितलेली रक्कम आपल्याकडच्या एका बऱ्यापैकी स्कूटरएवढी होती.

मी करार वाचून त्याचा मराठीत गोषवारा काढून दिला. तेव्हा मला या धंद्याचं गणित पहिल्यांदा कळलं. हक्कांचे पैसे, सेन्सॉरच्या दाखल्याची फी, कारखान्यात साचा बनवण्याचा खर्च, हे सगळं एक डिस्क काढा की हजार काढा, तेवढंच. त्यानंतर डिस्क छापायला जवळपास काहीच लागत नाही. वरच्या कागदाला तिच्याहून जास्त लागतं. म्हणजे पहिली डिस्क सगळ्यांत महाग आणि पाचशेवी जवळजवळ फुकट. कारखाना पाचशेच्या खाली हात लावत नाही. घरच्या संगणकावर दहा-वीस काढता येतात, पण तशा डिस्कला संग्रह करणारे लोक विचारत नाहीत. आणि गिऱ्हाईक मुख्यतः तेच असतं.

"साडेतीनशे गेल्या की खर्चा निघतो," तो म्हणाला.

"आणि नाही गेल्या तर?"

"मंग चार्जर विकायचे, बाई. ते तर विकूनच राह्यलो."

सबटायटल मी केली. इंग्रजी यादी समोर ठेवून एका वहीत डावीकडे वेळ आणि उजवीकडे मराठी, असं लिहीत गेले. पडद्यावर दोनच ओळी मावतात आणि त्याही माणसाने बोलून संपवायच्या आत वाचून व्हायला हव्यात. मुलांना आयुष्यभर सारांशलेखन शिकवलं, ते इथे उपयोगी पडलं. मोबदला म्हणून पाच डिस्क घेतल्या. तुमच्या दोन त्यातल्याच आहेत. वरचं वेष्टन लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून लग्नसराई संपल्यावर करून घेतलं. त्यामुळे कागद जाड आहे आणि एका कडेला जरा सोनेरी झाक आहे. पुण्याच्या आणि कोचीच्या संग्राहकांना तीच विशेष आवडली.

पहिल्या वर्षी टपालाने बऱ्याच गेल्या. ज्यांना मराठी येत नाही अशांनीही घेतल्या, कारण हा चित्रपट जगात दुसरीकडे कुठे डिस्कवर मिळत नव्हता. पुढे मागणी थांबली. ज्यांना हवी होती त्या सगळ्यांकडे पोहोचली होती. मग त्याने आपल्या बाजारातल्या रीतीप्रमाणे भोकरदनच्या आणि मंठ्याच्या एकेका दुकानात तीस-तीस डिस्क ठेवल्या. विकल्या तर पैसे, नाही तर माल परत. कागद केला नाही. ओळखीत कोणी करत नाही.

गेल्या मार्चमध्ये कराराची तीन वर्षं भरली. करारात असं होतं, की मुदत संपल्यावर उरलेल्या सगळ्या डिस्क मोडायच्या, मोडल्याचे फोटो काढायचे आणि विकणारा व एक साक्षीदार यांच्या सह्यांचा दाखला पाठवायचा. साक्षीदार म्हणून माझं नाव तीन वर्षांपूर्वीच घातलेलं होतं.

"बाई, इथं कोण येऊन पाहणार हाय?" तो म्हणाला. "कपाटात राहतील. सही करून टाका."

"मी मोडलेल्या पाहीन, तेवढ्यांवर सही करीन."

"पिक्चरमधली काटेवाली बाई तुमच्या अंगात आली का काय?"

"अंगात आली असती तर तुझं दुकान आधी तपासलं असतं," मी म्हटलं. तो हसला, पण दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भोकरदनची बस धरली. मोडण्याआधी मोजणं आलं.

भोकरदनला तीन विकल्या होत्या. सत्तावीस परत मिळाल्या. दोन दिवसांनी मंठ्याला गेलो. तिथलं दुकान स्टेशनरीचं आहे, बाजाराच्या तोंडाशी. दुकानदाराने खोकं काढून दिलं आणि चहा सांगितला.

"एक बी विकली न्हाई, शेठ. तीसच्या तीस मोजून घ्या."

मी मोजल्या. तीस होत्या. एकोणतीसांवर प्लॅस्टिकचं वेष्टन शाबूत होतं. तिसावीची डबी कडेला फुटलेली होती, चिकटपट्टीने जोडलेली. डिस्कवर बारीक ओरखडे होते. मी उघडून पाहिली, तर आतल्या कागदाच्या पाठीमागे बारीक अक्षरात नावं आणि तारखा लिहिलेल्या होत्या.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"नेणाऱ्यांची नावं हायेत, मावशी. दोन-अडीचशे रुपये देऊन एकदाच पाहायची सीडी कोण घेतंय? मी वीस रुपयांत दोन दिवस देतो. मशीन बी देतो संग, लोकांची बंद पडलीत."

"तुम्ही भाड्याने दिली?"

"विकली न्हाई म्हणूनच दिली की. विकली असती तर कुठून दिली असती?"

माझा विद्यार्थी चहाच्या कपात पाहत बसला होता. करारातलं नववं कलम त्याला पाठ होतं. भाड्याने देण्यास मनाई आहे. तसं आढळल्यास पुढचा कोणताही हक्क दिला जाणार नाही.

"आवडला का लोकांना?" मी विचारलं.

"सुस्त हाय, मावशी. लई सुस्त. पण काट्याचं बराबर दाखवलंय. आमच्या बाजारातले मापाडी दोन-दोनदा घेऊन गेलेत. एक म्हणला, ती बाई इकडं यायला पाहिजे. दुसरा म्हणला, नको, हाय ते बरंय."

परतीच्या बसमध्ये मी त्या कागदावरची नावं मोजली. त्रेचाळीस निघाली. काही नावं पुन्हा आलेली होती. सोयाबीन विकून झाल्यानंतरचे महिने भरलेले होते आणि पेरणीचे कोरे. एका डिस्कवर त्या माणसाला आठशे साठ रुपये मिळाले होते. विकून मिळाले असते त्याच्या तिपटीहून जास्त. पुण्या-कोचीकडच्या संग्राहकांनी तीन वर्षांत तीनशेहून अधिक डिस्क नेल्या, त्यातल्या निम्म्यांचं प्लॅस्टिक अजून निघालं नसावं.

"हे तिकडं लिहू नका, बाई," बस वाटूरला थांबल्यावर तो म्हणाला. "डिस्क मोडूनच टाकणार हाय ना आपण? मंग झालं. तीस परत आल्या, तीस मोडल्या. यात खोटं काय?"

"खोटं काही नाही."

"मंग?"

"कलम वाचून तुला समजावून मीच दिलं होतं."

"बापाचा पिक्चर जाईल, बाई." त्याला बसचा चित्रपट म्हणायचं होतं.

त्याचं म्हणणं बरोबर होतं. तो जाण्याची शक्यता खरीच होती आणि त्यात माझं नुकसान काही नव्हतं.

दुकानातल्या एकसष्ट धरून एकशे अठरा झाल्या. पंधरवड्याने एका सकाळी दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही त्या मोडल्या. डिस्क हाताने मोडली तर तुकडे उडतात, म्हणून त्याने पत्रा कापायची कात्री आणली होती. तो कापत होता आणि मी वहीत पाच-पाचच्या खुणा करत होते. मंठ्याची डिस्क त्याने शेवटी ठेवली होती. तीही कापली. आतला कागद मात्र माझ्या हातात दिला. करारात डिस्क मोडण्याचं होतं, कागदाचं काही नव्हतं. तुकडे पोत्यात भरून भंगारवाल्याला दाखवले. त्याने एक तुकडा वाकवून पाहिला आणि परत दिला. हे वितळत नाही नीट, म्हणाला.

हिशोब असा झाला, की पाचशेतल्या दहा त्या बाईंना, पाच मला, एकशे अठरा मोडल्या आणि तीनशे सदुसष्ट विकल्या. साडेतीनशेला खर्च निघत होता. तीन वर्षांत सतरा डिस्कचा नफा.

दाखल्यावर मी सही केली आणि सोबत एक पानाचं पत्र लिहिलं. मंठ्याला एक प्रत भाड्याने दिली गेली, त्रेचाळीस वेळा. विक्रेत्याला मनाई माहीत होती, पण दुकानदाराला ती सांगायची राहिली. यादी आमच्याकडे आहे. पत्र पाठवण्याआधी त्याला वाचून दाखवलं. त्याने ते दोनदा वाचायला लावलं.

"'सांगायची राहिली' म्हणजे चूक माझी, हेच ना?"

"हो."

"बराबर हाय," तो म्हणाला आणि पाकिटाला डिंक लावायला घेतला.

पाच आठवडे काही आलं नाही. या काळात तो घरी आला की पत्राचा विषय काढत नसे, मीही काढत नसे. मग ईमेल आला. बाईंनी यादीचा फोटो मागितला होता, बाकी एक शब्द नाही. आम्ही पाठवला. आणखी दहा दिवसांनी नवीन करार आला, बसच्या चित्रपटाचा. त्यात नववं कलम बदललेलं होतं. भाड्याने देता येईल, जास्तीत जास्त दहा प्रतींपर्यंत, आणि प्रत्येक वेळच्या भाड्यातला चौथा हिस्सा त्यांना. यादी दर सहा महिन्यांनी पाठवायची. मूळ रक्कमही आधीच्यापेक्षा बरीच वाढवलेली होती. आपल्या चित्रपटाला इकडे गिऱ्हाईक आहे, हे त्यांना आता कळलं होतं, आणि ते आम्हीच कळवलं होतं.

त्याने आकडा पाहिला, कागद उलटा ठेवला आणि पुन्हा सुलटा केला.

"म्हातारी पक्की हाय," तो म्हणाला.

"माझ्याच वयाची आहे."

"तेच म्हणून राह्यलो, बाई."

या रकमेत साडेतीनशेऐवजी साडेचारशे विकाव्या लागतील. संग्राहक तेवढे नाहीत, हे त्याला माहीत आहे. तरी त्याने सही केली. मंठ्याच्या दुकानदाराने दहाच्या दहा भाड्याच्या प्रती मागितल्या आहेत आणि जुन्या बाजारातून आणखी दोन यंत्रं आणून ठेवली आहेत. चौथा हिस्सा कशाचा आणि कोणाला, हे त्याला या वेळी कागदावर लिहून दिलं. त्याने तो कागद बिलबुकात ठेवला.

सध्या मी बसच्या चित्रपटाची वही लिहिते आहे. निम्मी झाली. यात बोलणं कमी आहे, ते बरं. तिकडचा ड्रायव्हर उतारूंवर खेकसतो तेव्हा काय लिहावं, हे मी माझ्या विद्यार्थ्याला विचारते. त्याच्याकडे तयार वाक्यं असतात.

थोरल्याने यंत्र विकत घेऊ नये. एका डिस्कसाठी तो खर्च जास्त आहे. शेजारीपाजारी कोणाकडे असेल तर दोन दिवसांसाठी आणावं.