मोबाईलवरचं ऊन

बर्फ मी पाहिला तो रसवंतीवर, नाहीतर मासळीवाल्याच्या पेटीत. पण सलग दोन हिवाळे हिमाचलातल्या एका डोंगरी गावात रोज किती थंडी पडते, किती फूट बर्फ साचतो, हे मला आसगावात बसून तोंडपाठ होतं. भंडाऱ्याचं तापमान विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

कारण माय. धाकटा भाऊ तिकडे बोगद्याच्या कामावर पोकलेन चालवायला गेला आणि त्या दिवसापासून तिने माझ्या मोबाईलला सुखाने जगू दिलं नाही. सकाळचा चहा हातात यायच्या आत सुरू. "पाह्य गा, आज कितीक हाय तेथी?" मी सांगायचो, उणे चौदा. "उणे म्हंजे?" "म्हंजे पाण्याचा दगड होते माये, तेवढी." की ती चुलीपासून उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसायची. पोरगा तिकडे गारठतोय आणि आपण शेकत बसायचं, हे तिला पटायचं नाही. "तू थंडीत बसल्यानं त्याले ऊब लागते काय?" म्हणून मी चिडायचो. ऐकेल तर शपथ!

पण खरं सांगतो, मलाही चटक लागली होती. त्या गावाचं नाव टाकलं की मोबाईलवर चित्रं यायची. ढग, ढगाखाली पांढरे ठिपके, नाहीतर पिवळा सूर्य. पानठेल्यावर लोक विचारायचे, "काय म्हणते तुमचा बर्फ?" आणि मी तिथला रस्ता कधी बंद होतो, कधी उघडतो, यावर भाषण ठोकायचो. उभ्या जन्मात नागपूरच्या पुढे न गेलेला माणूस हिमालयाचा जाणकार झाला होता. उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच.

दुसऱ्या हिवाळ्यात उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकले होते. ही कोवळी रोपं थंडीने पिवळी पडू नयेत म्हणून संध्याकाळी बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी भरायचं आणि सकाळी सोडायचं, अशी माझी धावपळ चालली होती. त्यातच एका सकाळी माय मोरीत पडली. डोक्यात रक्त साकळलं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतलं, तोवर तिची वाचा गेली. मग म्हणाले, घरी घेऊन जा, आता फार दिवस नाहीत.

आमच्या घरात बापाला आग मोठा देतो आणि मायला लहाना. बापाला मी दिली होती. आता धाकट्याने वेळेत पोचायला हवं होतं, नाहीतर "लहाना आला नाही" हे गावाने वर्षभर चघळलं असतं. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? मी त्याला फोन केला.

"दादा, चार दिवस नुसता बर्फ पडला," तो म्हणाला. "रस्ता दिसूनच नाई राहिला. मशीननं साफ झाला का मी पयला निघतो. दोन-तीन दिवस लागतीन." आवाज रडवेला होता.

मी फोन कानापासून काढून चित्र पाहिलं. पिवळाधमक सूर्य! आदल्या दिवशीही सूर्यच होता. माझं डोकं सटकलं. आमच्याकडे पाऊस उघडला, दोन दिवस ऊन पडलं, की शेताकडची पांदण चालती होते. चिखलातल्या माणसाची अक्कल ती, आणि तीच मी बर्फाला लावली.

"मले शेंडी लावून राहिला का बे? दोन दिसापासून ऊन पडून राहिलं तेथी. मले दिसते!"

"ऊन हाय दादा, पण..."

"पण-गिण काई नाई. माय तुह्यासाठी जीव धरून हाय. तुहं नाव घेऊन राहिली. येत नसशील तं तसं सांग, मी देतो आग. मंग या घरी पुन्हा तोंड दाखवू नोको."

मग तो म्हणाला, "येतो."

तो पायी निघाला. तिथले दोघे जण त्याला खालच्या गावापर्यंत सोडायला तयार झाले. दिवसभर मांडीभर बर्फातून चालले. आभाळ मोकळं झालं की तिथली थंडी आणखी कडक होते, त्या उन्हाने काहीच वितळत नाही, हे मला नंतर कळलं. तो सांगत होता तेव्हा मी ऐकून घेतलं असतं तर ना! बुटांत बर्फ शिरला, मोजे भिजले, तसाच तो चालत राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी माय गेली. तो तेव्हा दिल्लीला पोचला होता. मी गावातल्या जाणत्यांना हात जोडले, एक दिवस थांबा म्हणालो. भंडाऱ्याहून बर्फाच्या लाद्या आणल्या आणि मायला त्यांच्यावर ठेवलं. थंडीच्या नावाने रोज जीव जाळणारी बाई, आणि मी माझ्या हाताने तिच्याखाली बर्फ रचत होतो. स्वतःची किळस आली. तरी रचला.

चौथ्या दिवशी दुपारी तो ऑटोतून उतरला. तोंड काळवंडलेलं, पाय लंगडत. मनात आलं ते लपवत नाही. मला वाटलं, नाटक करतोय.

घाटावर आग देणाऱ्याला आंघोळ करून अनवाणी व्हावं लागतं. तो काठावर बसून बूट काढू लागला, ते निघेनात. शेवटी मी खाली बसलो आणि ओढले. मोजा कातडीला चिकटला होता. डाव्या पायाची बोटं काळी-जांभळी, फोडांनी फुगलेली.

"अरे बापा! हे काय झालं गा?" शेजारचा म्हातारा ओरडला.

"काई नाई बाबा. थंडी लागली," धाकटा म्हणाला. आणि त्याच पायांनी, खांद्यावर मडकं घेऊन, तो खड्यांवरून चितेभोवती फिरला. मी मागे उभा होतो. मला त्याला हात देणंसुद्धा सुचलं नाही.

पुढे नागपूरला त्याची चार बोटं कापली. पोकलेन सुटली. आता तो घरीच असतो. रोवण्याच्या चिखलात त्याचा तोल राहत नाही, म्हणून शेताच्या कडेच्या धुऱ्यावर बसून रोपांच्या पेंढ्या पुढे करतो. मला आजवर एका शब्दाने बोलला नाही. शिव्या घातल्या असत्या तर मी पाय धरले असते. उलट माझ्या पोरांना सांगतो, "बोटं गेली तं गेली. मायनं बलावलं अन् मी आलो."

परवा बांधीवर भाकर खाताना त्याने विचारलं, "दादा, माय खरंच माहं नाव घेत होती ना?"

"घेत होती," मी म्हणालो.

हे खोटं नाही. दवाखान्याच्या खाटेवर, वाचा जायच्या आधी, माझं मनगट घट्ट धरून तिने त्याचंच नाव घेतलं होतं. म्हणाली होती, "त्याले सांगू नोको. लय थंडी हाय तेथी. तूच दे आग."