रचनाकार अज्ञात, तिसऱ्या रांगेत

सेक्रेटरींनी माझ्याच वहीत, माझ्याच देखत, शेवटच्या कडव्यावर निळ्या पेनानं काट मारली. "एवढं सोडून बाकी म्हणा," म्हणाले. "बाकी एकदम फर्स्ट क्लास आहे."

हिंगोलीच्या एका मंगल कार्यालयात लोकसंगीत मंडळाचा महिन्याचा प्रोग्राम होता. संध्याकाळचे सहा वाजत आले होते. मंडळाचं नाव मी सांगत नाही. त्यांनी पुन्हा बोलवावं असंही वाटतं, आणि जे झालं ते बोलल्याशिवाय राहवतही नाही.

मी आणि शांता, आमची जोडी पंचवीस वर्षांची. बारशी, लग्नं, जयंत्या, शाळांची गॅदरिंग, कुठंही जातो. मी पेटी वाजवते आणि गाते. शांता ढोलकी वाजवते आणि झील धरते. झील म्हणजे मुख्य गाणाऱ्याची ओळ संपली की मागच्यानं ती उचलून परत म्हणायची. बाई ढोलकी वाजवते म्हटलं की लोक अजूनही आधी तिच्या नवऱ्याला शोधतात. तो बिचारा घरी टीव्ही बघत असतो.

त्या दिवशी आम्ही विहिरीचं गाणं म्हणणार होतो. हे गाणं हट्टा गावच्या काशीनाथदादांचं. आमच्या वस्तीतल्या विहिरीला पाणी लागलं, त्या दिवशी त्यांनी ते काठावर बसून रचलं. चौदाव्या वर्षी मी त्यांच्यामागं झील धरायला उभी राहिले, तेव्हापासून ते माझ्या तोंडात आहे. दादा आता ऐंशीच्या पुढं गेलेत. घसा पार बसलाय. स्वतःचं गाणं आता त्यांना दुसऱ्याच्याच तोंडून ऐकावं लागतं. म्हणून मीच फोन केला होता, की दादा, तुमचं गाणं मोठ्या हॉलात म्हणून राहिलो, येऊन जा. ते एकटे एसटीनं आले. हट्ट्याकडं जाणारी शेवटची गाडी साडेसातची. पिशवी मांडीवर घेऊन ते तिसऱ्या रांगेत बसले होते.

आता ते कडवं काय होतं, ते सांगते. शाहिराच्या गाण्यात शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव गुंफलेलं असतं. आम्ही त्याला छाप म्हणतो. दादांचं पुस्तक नाही, कॅसेट नाही, कुठं कागदावर सही नाही. छाप हीच सही. ती गाळून गाणं म्हणणं म्हणजे दुसऱ्याची गाय सोडून आणून आपल्या दावणीला बांधणं. दादांच्या हाताखाली पहिला धडाच तो असायचा. मधलं कडवं विसरलं तर चालेल, छाप विसरलीस तर पुन्हा माझ्यामागं उभी राहू नको.

आणि या मंडळानं छापलेल्या पत्रिकेत काय होतं? विहिरीचं गाणं, पारंपरिक, रचनाकार अज्ञात.

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "साहेब, हे अज्ञात काहून लिहिलं? मी व्हॉट्सअॅपवर दादांचं नाव, गाव, सगळं पाठवलं होतं."

"लोकगीताला कवी नसतो, ताई," ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "नाव आलं की ते लोकगीत राहत नाही. मंडळाचा नियमच आहे तसा."

"कवी तिसऱ्या रांगेत बसलाय."

त्यांनी पडदा जरासा सरकवून पाहिलं. धोतर, मफलर, मांडीवर पिशवी. "त्यांचंच कशावरून? पुरावा काय?"

"शेवटच्या कडव्यात आहे."

"ते तर आपण काढलं."

याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा. पुरावा द्या म्हणायचं आणि पुराव्यावरच काट मारायची! बरं, माणूस वाईट नाही. लोकगीतांवर त्यांनी पुस्तकांचं कपाट भरून ठेवलंय. पण पुस्तकात कवी अज्ञात असतो, म्हणून समोर बसलेला जिवंत माणूससुद्धा अज्ञात! मी वही मिटली. शांतानं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि ढोलकी चढवायला घेतली. चढवणं म्हणजे दोऱ्या ओढून सूर लावणं. तिच्या ओढण्यावरून मला कळलं, तीही तापलीय.

आमचा स्लॉट सव्वासहाचा होता. आधी दीपप्रज्वलन झालं. मग प्रास्ताविक, मग सत्कार. सत्कार करणाऱ्यांचेही सत्कार झाले. मग अध्यक्ष उठले आणि लोककला कशी मरून चालली आहे यावर पाऊण तास बोलले. आम्ही दोघी जिवंत लोककलावाल्या पडद्यामागं उभ्या राहून पाय बदलत होतो. सात वाजून गेले. मी फटीतून पाहिलं, तर दादांनी पिशवीचे बंद हाताला गुंडाळले होते. निघायच्या तयारीत होते. एवढ्या लांबून आलेला माणूस आपलं गाणं न ऐकताच गाडी धरणार होता.

तेवढ्यात सेक्रेटरी घाईघाईनं आले. टाइम झाला, दोनच कडवी म्हणा, म्हणाले.

मी शांताला म्हटलं, "छापेपासून घे."

"आधी छाप? असं कुणी म्हणते का? जेवायच्या आधी आचवल्यासारखं होईल."

"होऊ दे. दादाची गाडी हाय."

निवेदकानं माईकवर पुन्हा तेच म्हटलं, पारंपरिक, रचनाकार अज्ञात. मी पेटीचा भाता उघडला आणि काट मारलेलं कडवंच उचललं:

काशीनाथ म्हणे, हट्टा माझं गाव गं,
पाण्यानं कधी न्हाई इचारलं नाव गं.

इथं झील पडते. शांतानं ढोलकीवर थाप दिली, तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. कारण झील तिसऱ्या रांगेतून आली होती. दादांचा एक हात कानावर गेला होता. घोगरा, फाटलेला आवाज, पण बराबर त्याच जागी: "न्हाई इचारलं नाव गं." साठ वर्षांची सवय. त्यांनी ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही.

सगळा हॉल मागं वळला. मी ती ओळ पुन्हा म्हटली. शांतानं पुन्हा जागा सोडली. दादांनी पुन्हा उचलली, आणि या वेळी त्यांच्या आजूबाजूच्या बायांनीही उचलली. मग मी विहिरीचं पहिलं कडवं म्हटलं आणि थांबले. दोनच म्हणा सांगितलं होतं, दोनच म्हटली. माझे डोळे भरून आले होते, राग तेवढ्यानं काही गेला नव्हता.

दादा उठून दाराकडं निघाले तसे सेक्रेटरी उरलेली एक शाल घेऊन मागं धावले. आम्हीही गेलो. सेक्रेटरींचा चेहरा उतरला होता. ते शाल पांघरवायला लागले, तर दादांनी त्यांचा हात धरला. दादांचं बोलणं कुजबुजल्यासारखं, कान जवळ न्यावा लागतो.

"शाल ऱ्हाऊ द्या. पेन हाय का?"

सेक्रेटरींनी खिशातून तोच निळा पेन काढला. दादांनी पत्रिका त्यांच्यापुढं धरली.

"मला लिवता येत न्हाई असं न्हाई. पन तुमी लिवा."

सेक्रेटरींनी भिंतीला पत्रिका लावली, 'अज्ञात'वर काट मारली आणि वर लिहिलं, काशीनाथ, हट्टा. दादांनी ते वाचून पाहिलं, घडी घालून आतल्या खिशात ठेवलं. आम्ही ऑटोनं त्यांना डेपोत सोडलं. गाडी लागलेली होती. चढता चढता ते मला एवढंच म्हणाले, की दुसऱ्या ओळीला पेटी घाई करते तुझी, अजून.

पुढच्या महिन्याची पत्रिका आली. त्यात मागच्या प्रोग्रामच्या यादीत छापलंय: विहिरीचं गाणं, पारंपरिक, रचनाकार काशीनाथ, हट्टा. नियमही पाळला आणि माणूसही आला. चला, तेवढं तर तेवढं.

तेव्हापासून बुकिंगचा फोन आला की तारीख, वेळ, माईक किती, हे सगळं मी नंतर विचारते. आधी विचारते, शेवटचं कडवं म्हणू देणार का. वहीतलं ते काट मारलेलं पान मी बदललं नाही. कुणी पुरावा मागितला तर तेच पुढं करते.