केल्टिक माल, मेड इन महापे

आमच्या कारखान्यातल्या गोष्टी सांगायला बसले की ऐकणारे हसतात आणि माझं डोकं फिरतं! महाप्याला अकरा वर्षं चांदीच्या केल्टिक दागिन्यांची डिझाइनं काढतेय. आयर्लंड-स्कॉटलंडकडची जुनी नक्षी. माल जातो तिकडेच. अशा गोष्टी साचणारच ना!

*

केल्टिक गाठीत एकच धागा वर-खाली फिरत स्वतःलाच येऊन मिळतो. आमचे मालक, म्हणजे सर, विचारतात, "हा सुरू कुठून होतो?"

"कुठूनच नाही सर. तीच तर गंमत आहे."

"मग सुरू कर ना! कस्टमरला कळायला नको?"

धागा कापून मध्ये हिरवा खडा बसवला. कॅटलॉगमध्ये खाली छापलं: अखंड प्रेम!

*

तिकडचा जुना ब्रोच म्हणजे शालीला लावायची कडी. ती एका जागी मुद्दाम उघडी असते. त्या फटीतून पिन घालायची, कडी फिरवायची, शाल पक्की.

मी भाचीच्या लग्नाला साताऱ्याला गेले होते. परत येते तर सरांनी तीनशे ब्रोचच्या फटी झाळून बंद केलेल्या! "सगळा लॉट तुटका होता, मी वाचवला."

पार्टीचा मेल आला: पिन घालायची कुठून?

सर माझ्यावरच ओरडले, "सुट्टी घ्यायची हीच वेळ होती?"

*

सरांना वेबसाइटसाठी तीन पाकळ्यांच्या गाठीचा अर्थ लिहून हवा होता. मी म्हटलं, "सर, जुना अर्थ नक्की कुणालाच माहीत नाही. कुणी लिहून ठेवलेला नाही."

"मग टेन्शन काय? आपण लिहू!"

लिहिलं: योद्ध्यांचं पाच हजार वर्षांपूर्वीचं रक्षाचिन्ह. वर्षभराने दुसऱ्या एका वेबसाइटने ते जसंच्या तसं उचललं. सर मोबाइल नाचवत आले, "बघ! पुरावा!"

*

क्लाडा अंगठीत दोन हातांनी धरलेलं हृदय असतं, वर मुकुट. हृदयाचं टोक बोटाच्या टोकाकडे असलं तर बाई मोकळी, मनगटाकडे असलं तर कुणाची तरी.

महिला दिनाला सरांनी आम्हा बायकांना रिजेक्ट लॉटमधल्या या अंगठ्या वाटल्या. दुसऱ्या दिवसापासून हा माणूस पॅकिंगला येऊन पोरींची बोटं बघत फिरतोय! मी बोलायच्या आत पॅकिंगच्या सुषमाने अंगठी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"घरी मॅडमना द्या सर. त्या कशी घालतात तेवढं बघा."

*

पॉलिशला धर्माकाका आहेत. द्रोणागिरीकडचे कोळी. नव्या शहरासाठी खाडीत भराव पडला, मासेमारी गेली, तेव्हापासून इथे. एकदा तीच अंगठी घासता घासता म्हणाले, "ताई, ही कुनाची?"

"आयर्लंडमधल्या एका कोळीवाड्याची, काका. क्लाडा हे त्या गावाचंच नाव."

काका खूश झाले. "आमच्यासारकीच मानसं की! आता कोन ऱ्हातं तिथं?"

"जुनं गाव पाडलं. नवी घरं बांधली."

काकांनी मोटर बंद केली.

"नाव ठेवलं?"

"हो, नाव ठेवलंय."

"आमचं पन ठेवलंय," काका म्हणाले. "सेक्टरच्या बोर्डावर."