गाडीतला फोन आणि टाकीपाशी उभे साडू

आमच्या शीतलची सोयरीक मोडता मोडता राहिली, आणि मोडायला निघालेला माणूस मी होतो. हत्यार म्हणून मी फोन वापरला.

शीतल ही माझ्या साडूची, उदगीरच्या दिगंबररावांची मुलगी. दिगंबररावांनी मोबाईल घेतला आणि माझी झोप गेली. मी कमलनगरचा शाळामास्तर. मला फोन करणारं कुणी नव्हतं. पण एकदा जेवताना साडूच्या खिशात तो वाजला आणि आमच्या सासूबाईंनी माझ्या ताटाकडे निघालेली पुरणपोळी हवेतच वळवून त्यांच्या ताटात वाढली. ती पोळी मला अजून दिसते.

मोबाईल घ्यायची ऐपत नव्हती असं नाही. (नव्हतीच.) म्हणून मी हैदराबादेहून लांब पल्ल्याचा कॉर्डलेस आणला. घरच्या फोनला जोडलेला एक डबा, गच्चीवर उंच अँटेना, आणि विटेएवढा हँडसेट माझ्या जुन्या व्हॅनमध्ये. गावात कुठंही असलो तरी घरच्याच नंबरावरून गाडीत बोलता येई! (परवाना लागतो का, हे मी विचारलं नाही आणि दुकानदारानं सांगितलं नाही.) शिवाय त्यावर एक बटण होतं. ते दाबलं की माझा आवाज थेट घरातल्या डब्यातून मोठ्यानं येई. अंगणात गाडीत बसून मी चहा मागवू लागलो. बायको, सुमन, म्हणाली की आत येऊन मागितला असता तर गरम मिळाला असता.

मग शीतलला बघायला पाहुणे यायचे ठरले. पाहुणे आळंदकडचे, साडू उदगीरचे, मधे माझं घर. म्हणून कार्यक्रम माझ्याकडे. पाहुण्यांनी गावाबाहेरच्या फाट्यावर एसटीतून उतरायचं, तिथल्या बूथवरून फोन करायचा आणि मी गाडी घेऊन जायचं. आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी साडूच्या मोबाईलला रेंज यायची. ते म्हणाले, "माझा बी नंबर देऊन ठेवा त्यांना. मी टाकीपाशी थांबतो."

"दिलो की," मी म्हणालो.

दिला नव्हता. पाहुण्यांचा फोन माझ्या गाडीत वाजावा आणि ते सासूबाईंच्या कानावर जावं, एवढंच मला हवं होतं.

त्या दिवशी सकाळपासून दिगंबरराव डोक्यावर टॉवेल घेऊन टाकीला टेकून उभे. ऊन चढलं तशी शीतल त्यांना छत्री देऊन आली. मी मात्र व्हॅन घेऊन गावभर फिरत होतो, कारण उभ्या गाडीतल्या फोनला शोभा नसते. मारुतीच्या देवळापासून फोन चालू केला आणि बटण दाबून घरात हाक मारली. सुमन म्हणाली, "कामून फोन करायलाव? आत्ताच तर गेलाव घरातनं." मी म्हटलं, आवाज बघत होतो. तेवढ्यात शाळेचे मुख्याध्यापक समोरून आले. त्यांना फोन दिसावा म्हणून मी तो डॅशबोर्डवर दिमाखात आडवा ठेवला आणि त्यांच्याशी बोलत बसलो. बराच वेळ बोललो. ते विचारतील म्हणून थांबलो होतो. त्यांनी विचारलं नाही.

फोन काही वाजेना. शेवटी मी कंटाळून घरी आलो, तर पाहुणे बैठकीत हजर! दुधाच्या कॅनांबरोबर जीपमध्ये दाटीवाटीनं आलेले. मुलाच्या वडिलांच्या धोतरावर दूध, चेहऱ्यावर आठी. "फोन लावून लावून बोट दुखायलं आमचं. सारखा एंगेज. सोयरीक नको असंल म्हनून परतीची एसटी बघायलतो."

साडू गच्चीवरून उतरले होते, चेहरा टोमॅटोसारखा. "मग माझ्या मोबाईलवर कामून केला न्हाईत?"

"कुठला मोबाईल? आम्हाला एकच नंबर दिलते."

दिगंबररावांनी माझ्याकडे पाहिलं. सगळं कळलं त्यांना. मग ते हात जोडून पाहुण्यांना म्हणाले, "माझीच चूक. नंबर द्यायचा माझ्याकडनंच राहिला."

पाहुणे आणखी ताठ झाले. "पोरीच्या बापालाच ध्यान न्हाई म्हना की."

दाराआड शीतल चहाचा ट्रे घेऊन उभी होती. आणि मला आठवलं, देवळापासचा तो फोन मी बंदच केला नव्हता. लाईन अडवून बसलेला माणूस मीच!

मी बाहेर पळालो. हँडसेटचा दिवा तांबडा लागलेला. परत आत जाऊन तोंड दाखवायचा धीर होईना. मी गाडीतच बसलो, दार लावून घेतलं, काच वर केली आणि ते बटण दाबलं.

"पाहुणे, मी बाहेरून बोलतोय. दिगंबररावांचा काही दोष नाही. त्यांचा नंबर मी मुद्दाम दिला नाही, आणि फोनही मीच अडवला. जळलो होतो मी त्यांच्यावर. दिगंबरराव, माफ करा. शीतल, बाळा, माफ कर."

मग मुलाच्या वडिलांचं हसणं अंगणापर्यंत ऐकू आलं. त्यासाठी फोनची गरज नव्हती. ते म्हणत होते, "अरे, चहा आणा त्या मानसाला, गाडीत."

मग डब्यापाशी येऊन दिगंबरराव बोलले, "माफ केलो, साडूभाऊ. आता तेवढा फोन ठेवा. दुसऱ्या कुनाचा तरी लागू द्या."

मी ठेवला. संध्याकाळी, सोयरीक ठरल्याचं सासूबाईंना कळवावं म्हणून सुमननं घरचा फोन उचलला, तर तो लागेना. तिनं गाडीत डोकावून पाहिलं.

तांबडा दिवा लागलेलाच होता.